आधी ताडपत्री उचल

बोलता बोलता बोर्डीचे काका हवेतच दोन बोटांनी काहीतरी उचलायचे आणि मान तिरकी करून त्याखाली डोकावायचे. गुजरातच्या सीमेवर, अच्छाडच्या चेकपोस्टवर ट्रक तपासण्यात त्यांची सारी नोकरी गेली, ती सवय बोटांतून काही जाईना. "आधी ताडपत्री उचल, मग बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग बाजारातले बोंबील असोत की कुणाकडे आलेलं स्थळ. मनासारखं निघालं की हात हलवून म्हणायचे, "जाऊ दे गाडी!"

माझं डहाणूला वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस आहे. आल्या आल्या चहा मागणारा हा माणूस एकदा येऊन नुसताच बसला. त्यांच्या लेकीने बोर्डीला चिकूच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. तिची साइट मीच केलेली. मध्येच तिला कुणी भेटला, "पहिल्या नंबरवर आणतो" म्हणाला आणि नाही नाही त्या साइटवर तिच्या लिंका चिकटवून पसार झाला. त्यानंतर गूगलवर तिचं नाव दिसेना. पाहुणे आटले.

"ती म्हणते, खोल्या बंद करते न वापीला नोकरी धरते," काका म्हणाले. "मी एकटा घरात काय करू, भाई?"

मी समजावलं. दुसऱ्या साइट आपल्याकडे बोट दाखवतात. भल्यांनी दाखवलं तर गूगल आपल्याला मान देतं, टवाळांनी दाखवलं तर आपल्यालाही त्यांच्यात धरतं. आता गूगलला कळवायचं की या टवाळांशी आमचा संबंध नाही. सॉफ्टवेअरने वाईट लिंकांवर लाल खूण केलीच होती. सगळ्या एकदम पाठवल्या की झालं.

"न बघता?" काकांची दोन बोटं वर गेली.

झालं! रोज दुपारी बोर्डीच्या बसने स्वारी हजर. एकेक लाल साइट उघडायची. जुगार, औषधाच्या गोळ्या, कुठल्या कुठल्या लिप्या. काका खुशीत. "वर चिकू, खाली दारू! अडव हिला." एका भजनाच्या साइटला मात्र त्यांनी हात जोडले आणि सोडायला सांगितलं. मी खाली सरकवून दाखवलं, भजनाखाली सगळा जुगार. काका ओशाळून हसले. "देवाचा फोटो लावलेल्या ट्रकनेच मला नेहमी फसवलं."

मग नवसारीच्या एका निवृत्त मास्तरांची गुजराती साइट निघाली. भडक पिवळी, जाहिरातींनी भरलेली. मी अडवणार तोच काकांनी माझा हात धरला आणि वाचू लागले. मास्तरांनी लिहिलं होतं, बोर्डीच्या वाडीत मडक्यात भाजलेल्या कंद-शेंगांचं उंबाडियुं खाल्लं, आणि निघताना त्या ताईचे वडील आमच्या गाडीबरोबर वळणापर्यंत चालत आले.

काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. "चोख माल आहे. जाऊ दे गाडी."

अडवलेल्यांची यादी गूगलला गेली आणि लेकीची साइट हळूहळू वर आली. थंडीत खोल्या भरल्या, लेक वापीला गेली नाही. काका पाहुण्यांना वळणापर्यंत सोडत राहिले. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. मला तर त्यांचा फार लळा लागला होता.

गेल्या वर्षी काका गेले.

परवा लेकीची साइट तपासायला घेतली. मास्तरांच्या पिवळ्या साइटवर पुन्हा लाल खूण. मी उघडून पाहिली. मास्तर नुकतेच येऊन गेले होते. लिहिलं होतं, वाडी तशीच आहे, उंबाडियुंची चवही तीच. या खेपेला वळणापर्यंत कोणी आलं नाही.

माझे डोळे भरून आले. लाल खूण पुसली आणि रिकाम्या ऑफिसात मोठ्याने म्हणालो, "जाऊ दे गाडी."