मच्छीमार संघातलं लाल-हिरवं

आमची थोरली सून, फंगच्याव तिचं नाव, इथल्या बंदरावरच्या मच्छीमार संघात कॉम्प्युटर सांभाळते. लिलावाच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा फलक आहे, त्यावर ट्यूनाचं वजन, भाव, होडीचं नाव झळकतं, ते सगळं तिच्या हातचं. मी प्राथमिक शाळेपलीकडे गेलो नाही, पण त्या फलकाविषयी मला कुणीही विचारावं. विचारणाऱ्याची बस चुकते, हे मात्र खरं.

पूर्वी प्रोग्रॅममध्ये काही बदल करायचा तर फंगच्याव लिलाव उरकेपर्यंत थांबायची. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवलेला असतो, तो नीट बघायची, कारण मुदत संपलेला चालत नाही, आणि मग आपल्या हाताने बदल चढवायची. एकदा चुकलं आणि महागडा ट्यूना कोळंबीच्या भावाने पुकारला गेला. माल नेमका माझ्या मेव्हण्याचा होता. तो अजून आमच्याकडे जेवत नाही, त्यामुळे तसं नुकसान काही नाही.

संघाचा चेअरमन ज्वांग माझा शाळासोबती. इतर संघांत हे काम आता हाताने करत नाहीत, असं त्याच्या कानावर आलं. त्याने फंगच्यावला सांगितलं, नवी पद्धत बसव, संचालकांसमोर चालवून दाखव. नाही जमलं तर काम काओश्युंग शहरातल्या एका कंपनीला देऊ. म्हणजे तुझी नोकरी गेली, एवढं मात्र त्याने बोलून दाखवलं नाही. चहा पाजला.

तिने एक छोटंसं, फुकट मिळणारं साधन निवडलं. मोठी साधनं संघाच्या जुन्या मशीनला पेलत नाहीत. हे साधन काय करतं ते तिने मला जेवताना सांगितलं. बदल करून जमा केला की ते आपणहून जागं होतं, एक कोरा डबा उघडतं, त्यात प्रोग्रॅम चालवून तपासतं, बरोबर निघाला तर फलकावर पोचवतं आणि डबा फेकून देतं. पुढच्या बदलाला नवा डबा. मी म्हटलं, म्हणजे नाक्यावरच्या जेवणाच्या कागदी डब्यासारखं.

"हो आपा," ती म्हणाली, सासऱ्याला ती वडिलांसारखं आपाच म्हणते, "फक्त ह्यात भातसुद्धा आपणच घालायचा."

तिथेच गाडं अडलं. जुन्या मशीनमध्ये वर्षानुवर्षं काय काय घालून ठेवलंय, तिचं तिलाच आठवेना. कोऱ्या डब्यात चिनी अक्षरं नव्हती, तर माशांच्या नावांच्या जागी रिकामे चौकोन आले. डब्यातलं घड्याळ आठ तास मागे, तर दुपारचा लिलाव त्याच्या हिशेबी पहाटेच आटोपायचा. मग ती एकेक सूचना लिहू लागली. अक्षरं घाल. घड्याळ तैपेईचं लाव. मग तपास. प्रत्येक प्रयत्नाची पडद्यावर एक ओळ उमटे. पास झाला तर हिरवी, नापास झाला तर लाल. पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला.

ज्वांग जन्मभर शेअर बाजारात खेळलेला. आमच्याकडे भाव चढला की लाल, पडला की हिरवा. कप घेऊन तो तिच्या खुर्चीमागून जायचा, पडदा बघायचा आणि तिची पाठ थोपटून पुढे जायचा. संचालकांना सांगत सुटला, फंगच्यावचं काम नुसतं चढतंय, एक हिरवी ओळ दिसेल तर शपथ. तिला वाटलं, म्हातारा टोमणे मारतोय. घरी येऊन ती धड जेवेना.

दाखवायचा दिवस आला. संचालक बसले, जुना सभासद म्हणून मीही शेंगदाण्यांजवळ बसलो. फंगच्यावने होड्यांच्या नावांची अक्षरं मोठी करणारा बदल जमा केला. डबा उघडला, तपासणी झाली, आणि ओळ हिरवी झाली. भिंतीवरच्या फलकावर अक्षरं त्याच क्षणी मोठी झाली, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

ज्वांगने कप खाली ठेवला. "पडलं का गं?"

"नाही चेअरमनसाहेब. पास झालं. पहिल्यांदाच."

"मग इतके दिवस लाल होतं ते?"

"ते नापास होतं."

संचालक तिच्याकडे नाही, ज्वांगकडे बघू लागले. त्याचे कान लाल झाले. तो चढ होता की उतार, मी विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "ज्वांग्या, मान वळव की जरा. फलक बघ."

सगळे वळले. चष्मा घरी विसरलेल्या एका संचालकाने आपल्या होडीचं नाव मोठ्याने वाचलं आणि पुन्हा वाचलं. ज्वांगने घसा साफ केला. काम चोख आहे, म्हणाला, फक्त रंग उलटे लागलेत, तेवढे सरळ करून घे.

फंगच्यावने वाद घातला नाही. त्या साधनात रंग बदलायची सोय आहे. तिने तिथेच बसून चार शब्द लिहिले, आणि पास झालेली ओळ लाल दिसू लागली. तेव्हा कुठे टाळ्या पडल्या.

पुढच्या आठवड्यात काओश्युंगच्या कंपनीचा माणूस आला. त्याला येऊ नको म्हणून कळवायचं राहूनच गेलं होतं. त्याने पडदा पाहिला आणि आवाज हळू करून म्हणाला, तुमचं तर सगळंच कोसळलेलं दिसतंय, आम्ही सांभाळून घेऊ. ज्वांगने त्याला चहा पाजला, तुला बाजारातलं काही कळत नाही असं सांगितलं, आणि फंगच्यावला म्हणाला, ह्यांना बसपर्यंत सोडून ये आणि कामाला लाग, लिलावाची वेळ होतेय.