रिकामं जहाज कोणी पाठवत नाही

बायको मला शंकासुर म्हणायची आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. दुबईजवळ अजमानला आमच्या इमारतीत लिफ्ट बंद असल्याची नोटीस लागली, तरी ती लावली कोणी आणि का, हे मी आधी वॉचमनला विचारून यायचो. फुकट मिळणाऱ्या वस्तूची तर मला धडकीच भरायची. हा माणूस प्रसादसुद्धा हुंगून खातो, असं ती शेजारच्या पुणेकर बाईंना सांगायची आणि मी शेजारी बसून मान डोलवायचो. माणसानं सावध असावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

दुबईच्या देरा भागात खाडीकाठच्या एका ट्रेडिंग कंपनीत मी मालाची कागदपत्रं तयार करायचो. जगभरचा माल दुबईत उतरायचा, आमच्या गोदामात चार दिवस पडायचा आणि पुढं आफ्रिकेतल्या बंदरांकडे निघायचा. कापड, टायर, बिस्किटं, दुधाची पावडर. कागदावर आधी खोक्यांची संख्या लिहायची आणि पुढं टाइप करायचं, ‘सेड टु कंटेन’. म्हणजे आत अमुक माल आहे असं पाठवणारा म्हणतो, कोणी उघडून पाहिलेलं नाही. हे तीन शब्द मी अकरा वर्षं टाइप केले. घरी प्रसाद हुंगणाऱ्या मी ऑफिसात एकही खोकं कधी उघडलं नव्हतं.

दोन हजार एक साल असेल, किंवा दोन. गोदामात रत्नागिरीकडचा एक माणूस होता. बँकेचे फॉर्म भरून घ्यायला तो माझ्याकडे यायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो फॉर्म न घेताच आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, साहेब, आठवडाभर आम्ही पावडरच्या डब्यांवर नव्या तारखा चिकटवतोय. मी वरणात भात कालवत राहिलो, जसं काही ऐकलंच नाही. पण कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळलं होतं, कारण त्याच मालाबरोबर जायचं एक पत्र सकाळपासून माझ्या टेबलावर पडलं होतं. माल तपासला आहे, खाण्यास योग्य आहे, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली सही माझी हवी होती.

त्यात माझा व्हिसा त्याच महिन्यात संपत होता. माझ्या व्हिसावर बायकोचा आणि मुलीचा व्हिसा, आणि आमचे तिघांचे पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. मुलगी आठवीत होती, तिथंच जन्मलेली. पुण्याला सुट्टीत नेलं तरी आठ दिवसांत घरी कधी जायचं म्हणून भुणभुण लावायची, आणि घर म्हणजे अजमान. सही केली नाही आणि मॅनेजर खलास म्हणाला, म्हणजे नोकरीच गेली, तर तिला भर वर्षात शाळेतून काढून विमानात बसवावं लागणार होतं. तरी मी धीर करून मॅनेजरकडे गेलो आणि तारखांचा विषय काढला. त्यानं फाइलमधून मान वर केली नाही.

“पेपर ठीक है ना?” तो म्हणाला. “फिर आप को क्या करना है?”

मी सही शुक्रवारच्या सुट्टीनंतर, शनिवारवर ढकलली.

शुक्रवारी सकाळी मुलीनं जेवणाच्या टेबलावर चार्ट पेपर पसरला. दोन दिरहमचा, म्हणजे सव्वीस रुपयांचा, हे बायकोनं लगेच मोठ्यांदा जाहीर केलं. शाळेचा प्रोजेक्ट होता, इंग्रज समुद्र ओलांडून अमेरिकेकडे का गेले? पुस्तकाच्या पहिल्या पानावर होतं, धर्माचं स्वातंत्र्य, साहस, नवी भूमी पाहण्याची ओढ. मी कान टवकारले. मी म्हटलं, असेल बाई, पण जहाजाचं भाडं कोणी भरलं ते आधी शोध. दुसऱ्याच्या ओढीसाठी कोणी खिशात हात घालत नाही.

तिनं दोन पानं उलटली, आणि निघालेच की व्यापारी! त्यांनी शेअर विकून कंपन्या काढल्या होत्या. सोनं सापडेल म्हणून माणसं धाडली. ते सापडेना, तेव्हा तंबाखू लावली, मग बेटांवर ऊस. वर कायदा असा की तंबाखू-साखरेसारखा माल इंग्रजांच्याच जहाजांतून आधी इंग्लंडात आणायचा, आणि मग पुढं युरोपात विकायचा. मी टेबलावर थाप मारली. अगं, हे तर आमचं री-एक्स्पोर्ट! तिनं डोळे फिरवले, पण मी रंगात आलो होतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या चोरांना मी बसल्या जागी पकडत होतो, आणि काय सांगू, मला मजा येत होती.

तिला एकाच जहाजाच्या प्रवासाचे तीन टप्पे दाखवायचे होते. मी म्हटलं, रिकामं जहाज कोणी पाठवत नाही, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर काय भरलं ते लिहू. पट्टी घेतली आणि ऑफिसात आखतो तसे रकाने आखले. ती पुस्तकातून वाचणार, मी लिहिणार. पहिला टप्पा, इंग्लंड ते आफ्रिका. कापड, बंदुका, मणी, दारू. त्या कापडात आपल्या हिंदुस्थानातलंही होतं, हे ऐकून मला उगाच अभिमान वाटला. दुसरा टप्पा, आफ्रिका ते वेस्ट इंडीज. ती वाचत होती आणि माझा हात आपसूक चालला होता. नग, तीनशे. पुढच्या रकान्यात ‘सेड टु कंटेन’. आणि त्याच्यापुढं, स्लेव्ज.

तिचं वाचन थांबलं. ती माझ्या अक्षराकडे बघत राहिली.

“बाबा,” ती हळू म्हणाली, “दे आर पीपल.”

मी म्हटलं, हो गं, सवयीनं लिहिलं गेलं. तिनं त्या तीन शब्दांचा अर्थ विचारला. मी सांगितला, आणि सांगतानाच मला माझी लाज वाटली. तिनं इंग्रजीतच पुढं विचारलं, म्हणजे हे लिहिलं की आत बघायची कोणाला गरज नाही? मी हो म्हटलं. मग का कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. पावडर, नव्या तारखा, पत्र, व्हिसा. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं मला अडवलं नाही. मुलीनं विचारलं, ती पावडर कोण पिणार? लहान मुलं, मी म्हटलं.

शनिवारी आधी गोदामात गेलो. एक खोकं उघडलं, डबा काढला आणि तारखेची चिकटपट्टी नखानं खरवडली. खाली जुनी तारीख होती, आठ महिन्यांपूर्वी उलटून गेलेली. रत्नागिरीचा माणूस दुसरीकडे तोंड करून उभा होता. मी वर जाऊन मॅनेजरला सांगितलं, सही करणार नाही. तो ओरडेल असं वाटलं होतं. पण कोई बात नहीं म्हणत त्यानं कागद काढून घेतला, आणि दुपारी त्यावर दुसऱ्याची सही होती. गुरुवारी माल जहाजावर चढला.

पुढच्या आठवड्यात त्यानं मला बोलावून तिन्ही पासपोर्ट हातात दिले. व्हिसाचे तीन वर्षांचे ताजे शिक्के. हसत दिले. त्या हसण्याचा अर्थ शंकासुराला कळायला वेळ लागला नाही. सही त्याला कोणाचीही चालली असती, माझं गप्प राहणं हवं होतं. खाण्याचा माल तपासणाऱ्या नगरपालिकेचं ऑफिस चालत पंधरा मिनिटांवर होतं. तिथं जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. रोज कारलिफ्टमधून, म्हणजे चौघांत ठरवलेल्या गाडीतून, त्या रस्त्यानं जायचो, रोज उद्या म्हणायचो. मूग गिळून बसलो, दुसरं काय.

घरी बायकोनं पासपोर्ट देवापुढे ठेवले आणि त्यांच्यावर साखर ठेवली. मुलगी शाळेतून आली, तेव्हा मी तिला सांगितलं की आपण इथंच राहतोय, आणि तुझ्या बाबानं सही केली नाही. तिनं दप्तर टाकून मला मिठी मारली. मग मागं सरकून विचारलं, “अँड द मिल्क?”

मी म्हटलं, ते गेलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी लगेच ओळखली. आयुष्यभर मी लोकांकडे त्याच नजरेनं बघत आलो होतो.