पीटरची बाजू

दौंडच्या रेल्वे कॉलनीत करुणाबाई उजागरेंना ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड होतं. ड्रायव्हर आणि गार्ड लोक गाडी पोचवून जिथं घटकाभर अंग टाकतात, त्या रनिंग रूममध्ये त्या चादरी-उश्यांचं आणि चहाचं बघायच्या. नवरा सत्यजीत रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे सांधेवाला, होता. तो एकोणनव्वद साली गेला आणि त्याच्या पश्चात करुणाबाई रेल्वेत लागल्या. पदरात एकच मुलगी, रश्मी. बाईंचा जन्म शिरूरकडच्या खेड्यातला, शिक्षण मिशनच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत. पण दर रविवारी उपासनेच्या आधी चर्चच्या मागच्या खोलीत तीस-पस्तीस पोरांची शब्बाथ शाळा भरायची, ती चौदा वर्षं त्यांनी एकटीनं चालवली. आवाज खणखणीत. पोरांना बायबलातले दाखले सांगताना त्या स्वतःच मेंढपाळ व्हायच्या आणि स्वतःच मेंढरू.

बाईंना हसायची भारी हौस. सत्त्याण्णव साली टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी ‘पाहुणे जेवून जा’ नावाची विनोदी मालिका लागायची. एका इमारतीतली चार बिऱ्हाडं आणि त्यांच्या भानगडी. करुणाबाई भाकऱ्या लवकर उरकून रश्मीला शेजारी घेऊन बसायच्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायच्या. फक्त वरच्या मजल्यावरचा पीटर आला की त्यांचं हसू मध्येच थांबायचं. गळ्यात हातभर क्रॉस, हातात बाटली, बोलणं धेडगुजरी. यायचा, जिन्यावरून घसरायचा, लोक हसायचे, संपलं. त्याला कामधंदा नाही, बायकापोरं नाहीत, नुसता दारुडा.

दुसऱ्या दिवशी रनिंग रूममध्ये त्याचा पडसाद ठरलेला. मल्हारी नावाचा एक जुना गार्ड होता, मनानं वाईट नव्हता, पण जिभेला हाड नाही. सगळ्यांच्या देखत म्हणाला, “काय उजागरेबाई, तुमच्यात प्रार्थनेला बी बाटली लागती म्हनं! मग आमाला कवा बोलावताय?”

करुणाबाईंनी चहाची किटली खाली ठेवली. “मल्हारीमामा, तुमच्या पुतण्याच्या हळदीला मी आले व्हते. मांडवाच्या मागं आडवे पडले व्हते, ते समदे कुठल्या चर्चचे?”

हसण्याचा एकच गलका झाला. मल्हारीही हसला, पण पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

बाईंनी मालिकावाल्यांनाही पत्र धाडलं. ‘दारुडा दाखवायचा तर खुशाल दाखवा, दारू सगळ्यांच्यातच आहे. पण त्याला काहीतरी काम द्या. आणि गळ्यात क्रॉस घातलाच आहे, तर त्याचा अर्थही एकदा दाखवा.’ उत्तर आलं नाही.

इकडे चर्चमध्ये वेगळंच शिजत होतं. हौसराव आढाव हे चर्चच्या पंचांमधले वडीलधारे. रिटायर्ड हेडक्लार्क, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं तोलूनमापून. एका रविवारी उपासना संपल्यावर ते उभे राहिले आणि दोन कागद फिरवले. एक मालिकेच्या निषेधाचा. दुसऱ्यावर लिहिलं होतं की मंडळीतलं कोणतंही कुटुंब इथून पुढं असल्या विनोदी मालिका बघणार नाही. लोक निमूट सह्या करत गेले. कागद करुणाबाईंपाशी आला. पहिल्यावर त्यांनी ठसठशीत सही केली, दुसरा तसाच पुढं सरकवला.

“सही राहिली, करुणाबाई,” हौसराव म्हणाले.

“राहिली न्हाई आप्पा, केली न्हाई. माझा राग त्या पीटरच्या सोंगावर आहे, हसण्यावर नाही.”

हौसरावांनी चष्मा पुसला.

पाचेक आठवड्यांनी त्या मालिकेत एक भाग लागला. इमारतीतल्या घरगड्यानं मालकिणीची अंगठी चोरली, पकडला गेला, पळाला, आणि चार दिवसांनी उपाशीपोटी परत आला. एकेका दारावर गेला. एका बिऱ्हाडात सत्यनारायण होता, दुसऱ्यात पोलीसखात्यातला पाहुणा होता, तिसऱ्यांनी दार लावून घेतलं. दर दाराशी विनोद होता आणि करुणाबाई हसत होत्या. शेवटी गडी पीटरच्या खोलीपाशी पोचला. पीटर नेहमीसारखा झिंगलेला. त्यानं दार उघडलं, गड्याकडं बघितलं आणि आपल्या ताटातली अर्धी पोळी त्याच्यापुढं सरकवली. मग त्याला आपल्या खाटेवर झोपवलं आणि स्वतः जमिनीवर आडवा होताना असा आपटला, की पुन्हा हशा.

करुणाबाई मात्र हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावून बसल्या.

“आई, काय झालं?” रश्मीनं विचारलं.

“तुझा बाप असाच व्हता,” त्या म्हणाल्या.

सत्यजीत पीत होता. ती गोष्ट बाईंनी कधी लपवली नव्हती आणि कधी मिरवलीही नव्हती. दारूपायी घरात उपास घडले, भांडी आपटली, एकदा त्यानं हातही उगारला होता. तो बाईंनी वरच्यावर धरला. पण एका नाताळच्या आदल्या संध्याकाळी हाच माणूस स्टेशनावरून एक कुटुंब घेऊन आला होता. पाटसच्या कारखान्यावर ऊसतोडीला निघालेली माणसं, मूल तापानं फणफणलेलं, टोळी पुढं निघून गेलेली. सत्यजीतनं त्यांना आपली खाट दिली, नाताळचा फराळ त्यांच्यापुढं ओतला आणि स्वतः ओसरीवर पोतं अंथरून पडला. त्याच सत्यजीतला पुढं पंचांनी प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीतून, बंद केलं. तीन वर्षं तो शेवटच्या बाकावर बसायचा, भाकरीचं तबक त्याला वगळून जायचं. मग त्यानं येणंच सोडलं.

रविवारी शब्बाथ शाळेत धडा होता घर सोडून गेलेल्या, हाल होऊन परत आलेल्या आणि बापानं पुन्हा पोटाशी धरलेल्या मुलाचा. करुणाबाईंनी दाखला सांगितला आणि विचारलं, “गुरुवारची मालिका कोणी कोणी बघितली?” पोरं आधी एकमेकांकडं बघायला लागली. मग एक हात वर झाला, मग दहा, मग सगळेच. सह्या आईबापांनी केल्या होत्या. टीव्ही काही बंद झाला नव्हता.

“मग सांगा, त्या इमारतीत हा दाखला कोणाला कळला होता?”

“पीटरला!” पोरं ओरडली.

ही बातमी जेवणवेळेच्या आत हौसरावांच्या घरी पोचली. पुढच्या रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांच्या खोलीत बैठक बसली. पाळकसाहेब वयानं लहान, नव्यानंच बदलून आलेले; ते टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिले. बोलले हौसरावच.

“आपल्या समाजाची टिंगल करणारं पात्र, करुणाबाई. एक दारुडा. आणि तुम्ही तो लेकरांपुढं आदर्श म्हणून ठेवला. मंडळीची माफी मागा, म्हणजे विषय संपेल.”

“आदर्श नाही ठेवला. त्याच्या दारूवर मी पोरांना दोन शब्द सुनावलेच. पण त्यानं दार उघडलं, हे खोटं कसं सांगू?”

“ती नुसती करमणूक आहे. त्यात कसला आलाय धर्म?”

“मग नुसत्या करमणुकीवर कागद कशाला फिरवला, आप्पा?”

हौसरावांचा आवाज चढला. “प्रश्न माफीचा आहे. मागणार का नाही?”

करुणाबाई उठून उभ्या राहिल्या. चिडल्या की त्यांच्या जिभेवर गावाकडची बोली यायची. “न्हाई मागनार. टीव्हीतल्या दारुड्यापायी आपली अब्रू गेली म्हणून तुम्ही कागद फिरवला. आन् माझा नवरा तीन वर्षं मागच्या बाकावर बसत व्हता, तवा कोन त्याच्या शेजारी जाऊन बसलं? दारू सोड म्हणून कोन घरी आलं? तबक त्याच्यापुढून तुम्हीच नेत व्हता, आप्पा. मी बघत व्हते. त्या लिहिणाऱ्यानं आपली टिंगल केली, खरं हाय. पर एका भागात का व्हयना, त्यानं दारुड्याला मानूस केलं. आपण ते बी केलं न्हाई.”

हौसराव टेबलाकडं बघत शांतपणे म्हणाले, “पुढच्या रविवारपासून शाळा दुसरं कोणी घेईल.”

“चालंल,” बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. घरी येऊन त्या रडल्या, हे रश्मीनं पाहिलं. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला त्या पुन्हा चर्चमध्ये हजर होत्या, आणि बसल्या त्या शेवटच्या बाकावर. पुढं दौंडात असेपर्यंत त्यांनी तो बाक सोडला नाही. प्रभुभोजनाचं तबक आलं की हात पुढं करायच्या, मान वर ठेवून.

पोरं मात्र ऐकेनात. रविवारी दुपारी चार-पाच जणी क्वार्टरच्या दारात आल्या, “बाई, गोष्ट सांगा.” पुढच्या आठवड्यात बारा झाल्या. मग कॉलनीतली बौद्धांची, मराठ्यांचीही पोरं येऊन बसायला लागली. कधी शास्त्रातला दाखला, कधी गुरुवारची मालिका, आणि मग भांडण: कोण खोटं बोललं, का बोललं, त्याच्या जागी तू काय केलं असतंस. पंचांनी निरोप धाडला की हे बंद करा. बाईंनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि पोरांत बसवलं.

मालिका वर्षभरात संपली. शेवटपर्यंत पीटर जिन्यावरून घसरतच राहिला. त्याला ना काम मिळालं, ना बायको. करुणाबाईंनी आणखी दोन पत्रं धाडली. चर्चमधली शाळा दोन माणसांनी घेऊन सोडली, आणि तिसऱ्या वर्षी पाळकसाहेब स्वतः क्वार्टरवर येऊन म्हणाले, “बाई, किल्ली घ्या.” शाळेच्या खोलीची किल्ली त्यांनी घेतली. माफी कोणी मागितली नाही. त्यांनीही नाही, हौसरावांनीही नाही. वाटेत भेटले की दोघं “प्रभूची स्तुती असो” म्हणायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे.

दोन हजार सहा साली बाई रिटायर झाल्या आणि शिरूरला रश्मीकडं राहायला गेल्या. तिथं घरात कलर टीव्ही होता, शंभरेक चॅनेल होते. कुठल्याशा विनोदी कार्यक्रमात क्रॉस घातलेला दारुडा झोकांड्या खात आला, की बाई जागच्या जागी ताठ व्हायच्या. “अरे, ह्याला निदान नोकरी तरी लावा!” असं टीव्हीला मोठ्यानं सुनावायच्या, आणि जावई हसला की रश्मीला हाक मारायच्या, “पोरी, कागद-पेन आण गं.”