केळीची गाडी आत्ता कुठे आहे?

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात किस्से आपोआप साठतात. गाड्या रस्त्यावर, आपण खुर्चीवर. वाट बघणं हाच धंदा. माझी बायको सुमन गेल्यापासून मला घरी जायची घाई नसते, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

मी बुऱ्हाणपुरात केळीच्या गाड्यांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहितो. मागच्या हंगामात नेपानगरची वैशाली आमच्याकडे लागली. इंजिनिअर, वडील पेपर मिलमध्ये. तिने प्रत्येक ड्रायव्हरला एक स्वस्त मोबाइल दिला. त्याला कुठल्या टॉवरचा सिग्नल किती जोरात मिळतो, त्यावरून गाडी कुठे आहे ते कॉम्प्युटरवर दिसणार होतं.

शेठ म्हणाले, "हंगाम संपेपर्यंत बरोबर दाखव. नाहीतर पोरी, पुण्याचं तिकीट काढ."

तिला पुण्याला जायचं नव्हतं.

*

पहिल्याच दिवशी आमचे जुने ड्रायव्हर पंढरीभाऊ यांची गाडी तापीच्या मधोमध दिसली. शेठनी फोन लावून विचारलं, गाडी नदीत काय करतेय. पंढरीभाऊ शांतपणे म्हणाले, "हां शेठ, पाण्यातच आहे. केळी भिजत नाहीत, ताडपत्री टाकलीय."

गाडी अलीकडच्या काठावर पंक्चर काढत उभी होती. मोबाइलने पलीकडचा, जैनाबादचा टॉवर पकडला होता.

*

मग एक गाडी दुपारभर एका ढाब्यावरून हलेना. माल गाडीतच पिकेल म्हणून शेठ तापले. फोन ढाबेवाल्याने उचलला.

"शेठजी, गाडी तो कब की गई. फोन इधर चार्जिंग पे आराम कर रहा है."

त्या दिवशी वैशालीने जेवणाचा डबा उघडला नाही.

*

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच पंढरीभाऊंच्या शेजारी केबिनमध्ये बसून फिरू लागली. कुठे कुठला टॉवर सुटतो, कुठला धरतो, ते टिपत. एका टॉवरवर विसंबायचं नाही, तीन-चार टॉवरना विचारायचं. आणि ट्रक रस्ता सोडून जात नाही, एवढं कॉम्प्युटरला शिकवायचं. हळूहळू ठिपका नदीतून रस्त्यावर आला.

पण त्यातच एक भानगड निघाली. तुकईथडच्या रस्त्यावर सिग्नल चांगला भरपूर आहे! आमचे सगळे ड्रायव्हर वर्षानुवर्षं बायकोचा फोन नेमका तिथेच, "आता नेटवर्क जातंय" म्हणून ठेवत आले होते.

पंढरीभाऊ हळूच म्हणाले, "ताई, तेवढा तुकडा नकाशातून काढता येईल का?"

*

हंगामाची शेवटची संध्याकाळ. शेठ निकाल द्यायला स्क्रीनसमोर बसले होते. वैशाली मागे उभी. तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. जैनाबादहून, पंढरीभाऊंच्या घरून वहिनी बोलत होत्या.

"शेठ, हे कुठवर आले? भाकर टाकू का?"

शेठनी ठिपक्याकडे पाहिलं, मग वैशालीकडे. तिने मान हलवली.

"टाका," शेठ म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा फोन.

"दुसरी भाकर तव्यावर होती, अन् हे दारात."

शेठनी फोन ठेवला. मग खिशातून स्वतःचा मोबाइल काढून वैशालीपुढे ठेवला.

"यातही बसव," ते म्हणाले. "आणि माझ्या घरी ऑफिसचा नंबर देऊन ठेव."