बोळातली एकच म्हस

आमची म्हस देखणी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण विनय वगैरे मला जमत नाही. शिंगं पाठीपर्यंत वळलेली, कातडी काळीभोर, आणि चाल अशी की शाहूपुरीतल्या बायका भाजी घेता घेता थांबून बघायच्या. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या बोळात गवळ्यांची दोनच घरं, एक आमचं आणि एक शेजारच्या मामांचं. मामा नात्यानं कुणी नव्हेत, पण मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना मामाच म्हणत आले.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात गवळी लोक म्हशी सजवून रस्त्यावर आणतात आणि फटफटीमागं पळवतात. म्हशीला दोरी नाही, काठी नाही. पुढं मालक फटफटी घेऊन, मागं म्हस. जीव लावलेला असेल तर ती पळते, नसेल तर सगळ्या पेठेसमोर शोभा होते. दरवर्षी आमच्या बोळातनं दोन्ही घरच्या म्हशी निघायच्या आणि कुणाची जास्त पळाली यावरनं पुढं महिनाभर आमची भांडणं चालायची. मजेची भांडणं हो, पण मी हरत नव्हते.

त्या वर्षी पावसाळ्यात म्हशींना घटसर्पाची, गळा सुजून जनावर मारणारी साथ आली आणि मामांचा गोठा रिकामा झाला. आमच्याही गेल्या, ही एकटी वाचली. त्यामुळं बोळाची अब्रू आता हिच्या एकटीच्या पायावर होती. ही पळाली नाही तर लोक म्हणणार, त्या बोळातलं गवळीपण संपलं. माझ्या डोक्यात दसऱ्यापासनं दुसरा विचार नव्हता.

आणि पाडव्याच्या सकाळीच घोळ झाला. म्हस चांगली पळू दे म्हणून नारळ फोडायला आमचे हे आदल्या दिवशी फटफटीवरनं जोतिबाला गेलते. जुनी गाडी, त्यात मागं सासूबाई, वर सगळा डोंगर. सकाळी किक मारून मारून यांचा पाय दुखला, इंजिन जाम ते जामच. दोन महिने ज्या गाडीमागं म्हशीला पळायला शिकवलं, तीच गाडी देवाच्या पायाशी नेऊन मारून आणली!

"येष्टीनं गेला असता तर देव पावला नसता व्हय?" मी ओरडले.

"आता झालं ते झालं की," हे म्हणाले आणि चुलतभावाची गाडी मागायला गेले.

तेवढ्यात शिंगांचा गुलाबी रंग संपला. घुंगरमाळेचा दोरा तुटला. सासूबाईंनी हळद सांडली. मी प्रत्येकावर खेकसत होते. मामा मात्र सकाळपासनं येऊन मुकाट्यानं आमच्या म्हशीला भादरत होते, तेल चोळत होते. घुंगरमाळ तुटल्यावर उठून घरी गेले आणि स्वतःच्या म्हशीची कवड्यांची माळ घेऊन आले. "घरात ठिवून काय करू," म्हणाले आणि हिच्या गळ्यात बांधली. मी गडबडीत नुसतं "बरं" म्हटलं.

रस्त्यावर ही गर्दी! आमची पाळी आली. यांनी सायलेन्सरची पुंगळी काढलेली ती उसनी गाडी फडफडवली, हाक मारली, निघाले. म्हस जागची हलली नाही. तिला आमच्या गाडीचा आवाज ठाऊक, हे कुठलं परकं धूड! हे वळून आले, पुन्हा निघाले. म्हस खुंटा ठोकल्यागत उभी. पोरं शिट्ट्या मारायला लागली. "वैनी, म्हस मातीची हाय का?" कुणीतरी ओरडलं आणि सगळे फिदीफिदी हसले. माझ्या डोळ्यांतनं रागानं पाणी आलं.

"बघा मामा, सगळं वाटोळं झालं! सकाळपासनं एक काम धड न्हाय. असलं नशीब वैऱ्याचं बी नसावं!"

मामा मग हळूच म्हणाले, "पोरी, म्हस पळंना म्हणून रडतीयास व्हय? पळंना, पर हाय न्हवं?"

मी त्या म्हशीकडं बघितलं. दोन रंगांची शिंगं, गळ्यात मेलेल्या म्हशीची माळ, आणि नाकातनं गरम श्वास. जिवंत. घटसर्पात मी रात्रंदिवस हिच्या गळ्याला शेक दिला होता. तेव्हा देवाकडं मागितलं काय होतं? ही जगू दे, एवढंच. पळू दे असं कुठं म्हटलं होतं! मला माझीच लाज वाटली, आणि लगेच इतकं बरं वाटलं की हसू आलं.

मी पदर खोचला, चपला काढल्या आणि यांना म्हटलं, "गाडी बंद करा ती." गर्दीच्या मधोमध उभी राहिले आणि रोज पहाटे धार काढताना घालते ती साद घातली. "हाऽऽ ये, बाय माझी, येऽऽ!" तिनं कान टवकारले. मी पळत सुटले. अंगानं मी काही काडी नव्हे, पण पळाले. मागनं कवड्या आणि खुरं वाजायला लागली तशी सगळी शाहूपुरी ओरडायला लागली. आजवर तिथं बाईनं म्हस पळवलेली कुणी बघितली नव्हती. आणि आमच्या शेजारनं, हात हवेत फिरवत, "वाट सोडा, वाट सोडा!" करत मामा पळत होते, म्हातारपणी, धोतर सावरत.

रस्ता संपला तिथं आम्ही तिघं धापा टाकत थांबलो. म्हशीनं आपलं डोकं मामांच्या छातीला घासलं, आणि ते तिच्या गळ्यातली माळ नुसती चाचपत राहिले. एक अनोळखी माणूस गुलाल घेऊन पुढं आला.

"लई भारी! पावणं, म्हस कुणाची म्हणायची?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला आधी बोलू दिलं.

"आमची," मामा म्हणाले. "आमच्या बोळाची."

"व्हय," मी म्हटलं, "आणि गुलाल आधी मामांना लावा."