शेजारच्या घराचं मोजमाप

दुसऱ्याच्या अहवालात चूक सापडली की काका पेनाला टोपण लावून आधी त्यालाच फोन लावत. "भाऊ, मले हे समजून नाही राहिलं, जरा सांग बरं," असं विचारत. समजलेलं सगळं असायचं.

आम्ही दोघंही घरं-प्लॉटचं मूल्यांकन करणारे. ते अकोल्याचे, मी अमरावतीचा. एकाचा अहवाल बँक दुसऱ्याकडून तपासून घेते. ऑफिसात काम केलं असेल तर दुसऱ्याची चूक सापडल्याचा आनंद तुम्हालाही ठाऊक असेल. त्यांना तो कधी झालाच नाही. सुरुवातीला मी बार्शीटाकळीच्या एका घराला नसलेला मजला चढवला होता. फोन आला. "भाऊ, वरचा मजला मले काहून दिसून नाही राहिला?" मी घाम पुसत अहवाल दुरुस्त केला आणि माझी अब्रू वाचली.

मागच्या वर्षी त्यांचाच अहवाल माझ्याकडे तपासायला आला. जठारपेठेतलं घर. चतुःसीमा आणि मोजमाप, दोन्ही शेजारच्या घराची. इतक्या मोठ्या माणसाला काय विचारायचं, म्हणून मी फोन टाळला. खरं सांगतो, थोडी ऐटही होती. बँकेला सरळ लिहून टाकलं, 'मूल्यांकनकर्त्याने मालमत्तेस प्रत्यक्ष भेट दिलेली दिसत नाही.' बँकेने माझं पत्र त्यांना पाठवलं आणि आपल्या मूल्यांकनकर्त्यांच्या यादीतून काढलं. तीस वर्षांचं नाव माझ्या एका ओळीने गेलं.

त्यांनी तक्रार केली नाही. मी मात्र त्यांच्या शिव्यांची वाट पाहत राहिलो. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार महिन्यांनी ते गेल्याचं कळलं. अकोल्याला गेलो. काकूंनी पाणी दिलं, समोर बसल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"त्याइले डोयानं बराबर दिसे नाही," त्याच म्हणाल्या. "काम जाईन म्हणून कोणाले सांगतलं नाही. तुमचं थे पत्रबी मीच वाचून दाखवलं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"घर चुकलं असन आमचं," काकू म्हणाल्या. "पण आमी गेलतो ना, भाऊ. भर उन्हात गेलतो. टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं."