बाहेरची लाईन

जोडतेबाईंचं खरं नाव नवऱ्याशिवाय कुणाला आठवत नसे, आणि नवराही ते फक्त भांडणात वापरी. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी सगळी नोकरी काढली. बाहेरून फोन आला की "जोडते हं" म्हणायचं आणि हव्या त्या वॉर्डाला लाईन द्यायची, एवढंच काम. पण ते "जोडते हं" असं निघायचं की घाबरून फोन करणाऱ्याचा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडायचा. मग नाव पडलं ते पडलंच.

हे काम त्यांना शिकवलं मोठ्या बाईंनी. बोर्डावरच्या सगळ्यांत ज्येष्ठ, आवाज खणखणीत, आणि कुणाचं कौतुक करायचं म्हणजे अगदी जिवावर यायचं. एखादी लाईन जरा रेंगाळली की मागून आलंच, "कुणाला ताटकळत ठेवलंय गं?" या वाक्याची जोडतेबाईंना एवढी धास्ती, की घरी आलेल्या पाहुण्यालाही त्या दुसऱ्यांदा बेल वाजवू देत नसत.

आणि दैवाची चेष्टा बघा, नेमका मोठ्या बाईंचाच आवाज गेला. घशाचं ऑपरेशन झालं, त्या वाचल्या, आवाज वाचला नाही. निवृत्त होऊन लेकाकडे दूरच्या शहरात गेल्या. फोनचा प्रश्नच मिटला. मेसेज केला तर "ठीक" एवढंच उत्तर यायचं, त्यातही काना-मात्रा नसल्यामुळे खरंच ठीक आहे की नाही ते कळायचं नाही, असं जोडतेबाई म्हणायच्या. शब्दात काना-मात्रा मुळात नव्हतीच, पण काळजी वाटली की माणूस काहीही बोलतो.

मार्ग काढला धाकटीने. ही बोर्डावरची सगळ्यांत तरुण मुलगी. तिने या दोघींना एका गेममध्ये ओढलं. ठोकळ्यांवर ठोकळे रचून गाव वसवायचं, त्यात हिंडायचं, बोलायचं ते टाईप करून. मोठ्या बाई आधी फुरंगटल्या, मग अशा रमल्या की विचारू नका. त्यांनी रस्ते आखले, दिवे लावले आणि जिथे तिथे पाट्या ठोकल्या. "तळ्यात उड्या मारू नयेत." "शेळ्या मोकाट सोडणारीचं नाव मला माहीत आहे." बाई पुन्हा बोलू लागल्या होत्या, नव्हे, पुन्हा ओरडू लागल्या होत्या, आणि त्यासारखं सुख नव्हतं.

मग ते गाव ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होतं, तिने गाशा गुंडाळला. धाकटीने गावाची प्रत तेवढी उतरवून घेतली. "ठेवायची कुठे?" असं तिने विचारायचा अवकाश, जोडतेबाई म्हणाल्या, "आमच्याकडे. ह्यांचा जुना कॉम्प्युटर नाहीतरी नुसता धूळ खातोय."

त्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालू झाला. गाव जसंच्या तसं उभं राहिलं. फक्त आत जोडतेबाई एकट्याच. धाकटीला येता येईना, मोठ्या बाईंना येता येईना. त्या सुन्या रस्त्यावरून चालत जोडतेबाई मोठ्या बाईंच्या फाटकापर्यंत गेल्या. दिवा जळत होता, आत कुणी नव्हतं. त्यात मोठ्या बाईंचा मेसेज आला, "जाऊ दे. राहू दे आता." जन्मात एक लाईन न सोडणारी बाई राहू दे म्हणते? जोडतेबाईंनी पदर खोचला.

धाकटीने फोनवर सांगितलं, "ताई, घरातून चालतंय ते धरायचं नाही. बाहेरून चालतंय का बघ."

जोडतेबाईंनी नवऱ्याच्या फोनवर गेम चढवला आणि त्याला बाहेर काढलं. आधी जिन्यात, मग खाली फाटकापाशी.

"चालतंय गं!" तो खालून ओरडला. "मी तळ्यात पडलोय!"

बाहेरून चालतंय म्हटल्यावर जोडतेबाईंनी आनंदाने दोघींना कळवलं. दोघींचं उत्तर एकच. नाही. पुन्हा नवरा खाली, पुन्हा चालू. पुन्हा दोघींचं नाही. असं बराच वेळ चाललं. शेवटी तो वैतागून ब्रेड आणायला निघून गेला आणि दुकानातून त्याचा फोन आला, "अगं, गाव गेलं."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फाटकापर्यंत घरचंच वायफाय पोचत होतं. बाहेर म्हणजे दाराबाहेर नव्हे, वायफायच्या बाहेर!

"म्हणजे मी जिने चढलो-उतरलो ते काय व्यायाम म्हणून?" नवऱ्याने आल्या आल्या विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंच होतं ना तुम्हाला," जोडतेबाई म्हणाल्या आणि राउटरकडे वळल्या.

बाहेरून या नंबरच्या दारावर कुणी आलं तर अमुक कॉम्प्युटरकडे पाठव, असा नियम राउटरमध्ये लिहायचा असतो. धाकटी समजावायला लागली तशा जोडतेबाई हसल्याच. हे तर एक्स्टेन्शन! राउटर म्हणजे ऑपरेटर. नियम लिहिला, नवऱ्याला दुकानाकडे पिटाळलं. तरीही नाही. कॉम्प्युटरची सुरक्षा तपासली, ती कुणाला अडवत नव्हती. नियम पुसून पुन्हा लिहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्यांनी शांतपणे बसून राउटरचं पान वाचलं. त्याचा स्वतःचा बाहेरचा पत्ता तिथे होता, आणि तो घरातल्याच पत्त्यांसारखा दिसत होता. बाहेरची लाईन अशी नसते. इस्पितळात प्रसूती विभागाला वेगळा छोटा बोर्ड होता, आणि बाहेरचा फोन आधी मोठ्या बोर्डावर यायचा. मोठ्या बोर्डावरच्या बाईला सांगितलंच नाही, तर छोट्या बोर्डावरचीने कितीही कान टवकारले तरी...

"अहो," त्यांनी हाक मारली, "आपल्याकडे आणखी एक डबा आहे का?"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून हा राउटर त्यानेच आणून लावला होता. इंटरनेट कंपनीचा मूळ डबा चपलांच्या कपाटामागे गपचूप लुकलुकत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

डबा पालथा करून, धूळ पुसून त्यावरचा पासवर्ड वाचला. बाहेरून आलेलं दुसऱ्या डब्याकडे दे, एवढंच मोठ्या बोर्डाला सांगितलं. नवरा न सांगता चपला घालून दुकानाकडे धावला. पण त्याचा फोन यायच्या आतच पडद्यावर ओळ उमटली. मोठ्या बाई गावात आल्या.

आणि लगेच दुसरी, "कुणाला ताटकळत ठेवलंय गं?"

जोडतेबाईंचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. त्यांनी टाईप केलं, "तुम्हालाच, बाई. आता जोडलं."

मोठ्या बाई तडक जोडतेबाईंच्या घरासमोर गेल्या आणि एक पाटी ठोकू लागल्या. धाकटीही आली, शेळ्यांच्या मागे पळाली, तरी त्यांचं ठोकणं चालूच. शेवटी त्या बाजूला झाल्या. पाटीवर लिहिलं होतं, "येथे लाईन लगेच मिळते."

इतक्या वर्षांत मोठ्या बाई पहिल्यांदाच धडधडीत खोटं बोलल्या होत्या. धापा टाकत परतलेल्या नवऱ्याला जोडतेबाईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही. आधी खुर्चीत बसवून ती पाटी मोठ्याने वाचायला लावली, आणि मग म्हणाल्या, "पुन्हा वाचा."